पूर्वेकडे पाठ

फोन आला तेव्हा त्याची काच कापायची हिरकणी रेघेच्या मधोमध होती. रेघ एकदा सुरू केली की थांबायचं नसतं. मनगट एका जोराने, एका वेगाने काठापर्यंत न्यायचं, मग रेघेखाली लाकडी पट्टी सरकवून दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचं, की काच आपण सांगितलं तिथेच तुटते. हे तो इतकी वर्षं करत आला होता की काम हात करायचे आणि डोकं भलतीकडे असायचं. बायको गेल्यापासून तर डोकं दुकानात यायचंच नाही. पण मालकांनी टेबलावरचा फोन उचलून त्याच्या कानाला लावला, "घ्या, तुमचे मेहुणे, एकदम घाईत आहेत," आणि पलीकडून आवाज आला, "दाजी, ताईला उलटं पुरलंय." त्याचं मनगट थांबलं. उलटं म्हणजे पालथं असंच त्याला वाटलं. तिचं तोंड मातीत, नाक दबलेलं, हनुवटीखाली हात अडकलेला, हे सगळं त्याला एका क्षणात इतकं स्वच्छ दिसलं की त्याने टेबलाची कड धरली. "पालथं?" तो म्हणाला. "पालथं नाही हो. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. आज कबरीवर दगड बसवणारा आला, त्याने राखणदाराला विचारलं डोकं कुठल्या अंगाला, तर राखणदार म्हणतो इकडे. दाजी, प्रभू पूर्वेकडून येणार. ताई उठेल ती त्याच्याकडे पाठ करून." त्याला आधी हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचाच पुढच्या क्षणी असा संताप आला की कान तापले. म्हणजे आता हे दिवस आले होते, की बायको मातीत उताणी आहे या बातमीने माणसाला बरं वाटावं.

"शनिवारी सकाळी उघडून फिरवून घेऊ," मेहुणा सांगत होता. "तुमच्या चर्चच्या पाळकांशी बोललोय, ते तयार आहेत. आमच्या मंडळीतले चौघे दोर घेऊन येतात. तुम्ही फक्त हो म्हणा. नवरा म्हणून तुमचं हो लागतं." त्याने टेबलावरची काचेची कच बोटाने बाजूला सारली. "भाचीशी पण बोललो. ती रडतेय, दाजी." त्याने फोन मालकांच्या हातात दिला, हिरकणी थांबली होती तिथेच पुन्हा टेकवली आणि रेघ पुढे ओढली. पट्टी सरकवून दाबलं तेव्हा काच निम्म्यापर्यंत सरळ गेली आणि तिथून सापासारखी वाकडी होत पार कोपऱ्यात तुटली. एका गिऱ्हाइकाच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीसाठी होती. मालक काही बोलले नाहीत. विधुराला कोणी बोलत नाही, आणि त्या न बोलण्याचाही त्याला आताशा राग यायचा.

काय झालं ते सांगितल्यावर मालकांनी चहा मागवला. ते चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयताला जाणारे. "तुम्ही कशाला मनावर घेता?" ते म्हणाले. "माझे वडील सांगायचे, बायबलात जगाच्या शेवटाचं जे काही लिहिलंय ते सगळं होऊन गेलं. रोमी फौजेने यरुशलेमचं मंदिर जाळलं, तोच शेवट. पशू वगैरे सगळे तेव्हाचेच राजे. आपण शेवटानंतरची माणसं आहोत. गिऱ्हाइकं कशी वागतात बघा, म्हणजे पटेल." एरवी तो हसला असता. आज त्याच्या मनात आलं की हे तिसरे. मेहुण्याचं सगळं व्हायचंय, पाळकांचं होतंय, यांचं होऊन गेलंय, आणि तिघांच्याही मध्ये माझी बायको.

घरी जाताना तो नेहमीच्या बसमध्ये चढला नाही, चालत निघाला. मेहुण्याची मंडळी प्रार्थनेला भरायची त्या टायरच्या दुकानावरून रस्ता जायचा. वर जिना, जिन्याला रबराचा वास, आणि वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेलं ते कापड. मेहुण्याने स्वतः रंगवलेलं. एका ओळीत मोठमोठी वर्तुळं, एकेक वर्तुळ म्हणजे एकेक युग. मग आपल्या युगाच्या टोकाला वर जाणारा बाण, म्हणजे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील तो. त्यानंतर सात वर्षांच्या महासंकटाचं काळं वर्तुळ, मग खाली येणारा बाण, मग हजार वर्षांच्या राज्याचा सोनेरी पट्टा, आणि अगदी शेवटी अग्नीचं सरोवर. सरोवरापाशी येईपर्यंत लाल रंग संपला होता, म्हणून ते अर्धं गुलाबी. कापडाला दुमड घालून दिली होती बायकोनेच. शिवणयंत्र खिडकीशी, आणि कापड सगळ्या घरभर पसरलेलं. काळं वर्तुळ पलंगावर, हजार वर्षं स्वयंपाकघराच्या दारात. तो कामावरून आला तर पाय ठेवायला जागा नव्हती. "सांभाळून," ती म्हणाली, "महासंकटात चप्पल घालून जाऊ नका." मेहुणा तिथेच बसलेला. ती यंत्र चालवता चालवता त्याला म्हणाली, "काय रे, सगळी माणसं वर गेली की उष्टी भांडी तशीच राहणार ना? ती कोण घासणार?" "ताई, थट्टा नको." "थट्टा कुठे करते? खरंच विचारते. तुझ्या चित्रात भांडी घासायची वेळ कुठे दिसत नाही."  मेहुण्याने हयातीत एक भांडं घासलं नव्हतं.

ती सकाळी नवऱ्याबरोबर जुन्या चर्चमध्ये जायची आणि संध्याकाळी भावाच्या मंडळीत. दोन्हीकडे गायची, दोन्हीकडे लहान मुलांना गोष्टी सांगायची. जुन्या चर्चचे पाळक उंच, कोरडे, हस्तांदोलन केलं तर हात गार लागायचा. त्यांच्या मते ती हजार वर्षं म्हणजे मोजून हजार नव्हेतच. प्रभू वर गेला तेव्हापासून तो परत येईपर्यंतचा सगळा काळ म्हणजे ती हजार वर्षं, आपण त्यातच राहतो आहोत. शेवटी एकच दिवस, एकच कर्णा, चांगले-वाईट सगळे एकदम उठणार, एकदम न्याय. अधेमधे बाण नाहीत. उपदेशात ते मेहुण्याच्या लोकांना 'आपले कापडवाले बंधू' म्हणायचे, आणि पुढच्या बाकावरची माणसं गालात हसायची. ती नाही हसायची. तो एकदा तिला म्हणाला होता, तुझं नेमकं काय, या दोघांत खरं कोण? ती धुतलेले कपडे घड्या करत होती. म्हणाली, "मला काय ठाऊक? दार वाजलं की उघडीन." त्याला तेव्हा वाटलं होतं ही टाळते आहे. आता चालता चालता वाटलं, टाळलंच असेल तर काय झालं? त्या दोघांतल्या कोणी तिला खरंच विचारलं होतं का? बोलले सगळे, तिच्यावरून.

इस्पितळातली ती दुपार त्याला आठवायची नव्हती, म्हणून ती आलीच. खोलीत दोन खुर्च्या, पलंगाच्या एका बाजूला एक, दुसरीला एक. मेहुणा आधीपासून होता, पाळक नंतर आले. पाळकांनी तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, धीराचे दोन शब्द बोलले, त्यात म्हणाले की शेवटच्या दिवशी आपण सगळे बरोबरच उठणार आहोत. बस, एवढं पुरलं. "बरोबर नाही, पाळकसाहेब," मेहुणा पलीकडून म्हणाला, "ख्रिस्तात मेलेले आधी. बाकीचे हजार वर्षांनी." मेलेले. ती डोळे उघडे ठेवून ऐकत होती. पाळकांनी समजुतीच्या सुरात काही सांगितलं, मेहुण्याने दानीएल संदेष्ट्याने भाकीत केलेले सत्तर आठवडे काढले, पाळक म्हणाले त्या आठवड्यांना मध्येच कात्री लावून शेवटचा तेवढा हजारो वर्षं पुढे ढकलायचा हा कुठला न्याय, मेहुणा म्हणाला मग तुम्ही सगळ्याच आकड्यांची वाफ करून टाका. आवाज कोणीच चढवला नाही, इस्पितळ होतं ना. तिची बोटं चादरीवर हलायला लागली. ती खूण फक्त त्यालाच कळायची. तो म्हणाला, "जरा सरका." दोघांनी आपापली खुर्ची वीतभर मागे घेतली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "यांना म्हणावं, हजार वर्षांचं मागून बघू, आधी माझी पाठ बघा."

पाठीला जखमा झाल्या होत्या. पडून पडून होतात. सारखी कूस बदलावी लागायची. नर्सने शिकवलं होतं: आधी पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, चादरीसकट आपल्याकडे घ्यायचं, मग पाठीशी उशी. काच उचलताना जसा भार दोन्ही हातांत सारखा लागतो तसा. नीट जमलं की ती "हं" म्हणायची. त्या एका "हं"साठी तो दिवसभर थांबलेला असायचा. पुढे ती इतकी हलकी झाली की त्याच्या हातांना तिचा भार कळेना, आणि इतकी दुखरी की हवा लागली तरी दात आवळायची. शेवटच्या सकाळी नर्स म्हणाली, बाई, कूस बदलायची ना? त्याने हात पुढे केले. ती म्हणाली, "नको. आता असंच राहू दे." त्याने हात मागे घेतले. त्यानंतर ती बोलली नाही. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच त्याला वाटत आलं होतं. आज रस्त्याच्या कडेला, लाल दिव्यापाशी उभं असताना त्याला वाटलं की हे आधीच सगळ्यांना ओरडून सांगायला हवं होतं. दिवा हिरवा झाला, लोक त्याला धक्के देत पलीकडे गेले, आणि तो तिथेच उभा राहिला.

मुलगी दंतवैद्याकडे मदतनीस होती. ती लवकर घरी आली होती, कामाचा पांढरा कोट अजून अंगावर तसाच. डोळे सुजलेले. "मामाचा फोन आला होता," ती म्हणाली. "मला पण," तो म्हणाला.  ती कोटाचं बटण काढत घालत राहिली. "बाबा, तुम्ही नाही म्हणणार, मला माहितीये." "मग विचारतेस कशाला?" "विचारत नाहीये. सांगतेय. मला ती तशी नकोय." तो 'मामाचं पाठांतर नको ऐकवूस' असं काहीतरी तिला लागेलसं बोलणार होता, पण ती पुढे म्हणाली, "मामाचं सगळं मला पटतं असं नाही. बाण वगैरे. पण आईला दिशा कळायची नाही, बाबा. दुकानातून बाहेर पडली की नेहमी चुकीच्या बाजूला वळायची. मी समजा उठले, तुम्ही उठलात, सगळे एकीकडे बघतायत, आणि ती एकटी भलतीकडे तोंड करून उभी. एवढ्या गर्दीत. ती हरवेल."

त्याच्यासमोर एवढा वेळ मेहुणा होता, पाळक होते, त्यांच्याशी भांडायला तोंडात दगड गोळा केले होते, आणि समोर ही. तो म्हणाला, "तिने नको म्हटलं होतं." आणि सांगितलं, त्या सकाळचं. मुलीने ऐकून घेतलं. "ते वेगळं," ती म्हणाली. "तेव्हा तिला दुखत होतं." "आणि आता दुखत नाही, म्हणून हलवायचं?" "बाबा, तुम्ही असे चिडून बोलू नका ना." "मी चिडूनच बोलणार. दुसरं काय ठेवलंय मला?" ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो बंद झाला नाही. त्याला वाटलं, आत जावं, डोक्यावर हात ठेवावा. तो गेला नाही. त्याला हेही वाटलं की ती म्हणते ते खरं निघालं तर? त्या बाणांचं नव्हे, गर्दीचं. त्याचा स्वतःचा कशावर विश्वास होता? लहानपणी चर्चमध्ये झोप यायची, मोठेपणी ती शेजारी गायची म्हणून तो उभा राहायचा. आपण मेल्यावर उठू की नाही हे त्याने कधी मनाशी नीट बोलूनच बघितलं नव्हतं. आता वेळ आली तर नेमका एवढा राग आलेला, की रागाच्या पलीकडचं काही दिसेना.

शनिवारी सकाळी दफनभूमीत सगळे वेळेवर आले. मेहुण्याचे चौघे, खांद्यावर दोर. खोदणारा, हातात टिकाव आणि कपाळाला आठ्या, कारण दफनाच्या दिवशी तो आजारी होता आणि बदलीच्या माणसाने घोळ घातला होता. शेजारच्या कबरी बघून त्या माणसाने तशीच ओळ धरली होती. पाळकही आले होते, काळ्या कोटात. नवा दगड भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर तिचं नाव, आणि खाली सगळी जागा मोकळी. मुलगी मामाच्या बाजूला उभी होती. बाजूला म्हणजे फक्त उभी होती, पण त्याने ते बघितलं.

"शेजारच्या कबरी कोणाच्या?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पाळक खाकरले. "त्या पूर्वीच्या पाळकांच्या. जुनी रीत आहे. मंडळीतली माणसं पूर्वेकडे तोंड करून उठणार, पाळकाने मात्र त्यांच्याकडे तोंड करून उठायचं. म्हणून त्यांचं डोकं पूर्वेला. जागा संपल्यामुळे तुमच्या मिसेसना या ओळीच्या टोकाला दिलं, आणि…" "आणि ती पाळकासारखी पुरली गेली." "तारणाला त्याने काही बाधा नाही," पाळक म्हणाले, "मी दिशा वगैरे मानत नाही. पण लोक विचारतात. एका बाईला तो मान कसा. एक शिस्त असते." मेहुणा घाईने म्हणाला, "कारण काही असो, दाजी. काम एकच आहे."

काम एकच आहे. त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.  "ती जिवंत होती," तो म्हणाला, "तेव्हा तिच्या अंगावरून तुम्ही दोघं भांडलात. तिची पाठ सडली होती आणि तुम्ही दानीएलाचे आठवडे मोजत होतात. एका गोष्टीवर एकमत झालं नाही. तेव्हा एकाने जरी त्या बाजूने हात लावला असता, तर मला चादर ओढायला सोपं गेलं असतं. आता ती बोलत नाही, तर तुमचं दोघांचं जमलं." "दाजी, शोक समजतो मी, पण…" "तुला काय समजतं रे? टिकाव खाली ठेव." हे शेवटचं खोदणाऱ्याला होतं, पण मेहुणाच दचकला. "तिला मी इतक्यांदा वळवलंय की माझ्या हातांना अजून रात्री सवयीने जाग येते. पुरे झालं. तिने सांगितलं तसं राहू दे."

तो मातीवर बसला. ठरवून नाही.  मातीचा ढीग अजून नीट बसला नव्हता, त्याच्या वजनाने थोडा दबला, आणि त्याला वाटलं उठावं, तिला भार होईल, पण उठला नाही. चौघांनी दोर खांद्यावरून खाली घेतले, काय करायचं ते न कळून. मेहुणा जवळ येऊन उकिडवा बसला. इतक्या जवळून त्याचा चेहरा कापडापुढे हातवारे करणाऱ्या माणसाचा वाटत नव्हता. गालांवरून पाणी ओघळत होतं. "दाजी, मी काही वाईट म्हणून नाही हो करत," तो हळू म्हणाला. "ती माझी ताई होती. लहानपणी मला अंधारात भीती वाटायची, ती पुढे चालायची. प्रभू येईल, आणि ती बघणार नाही? पाठ असेल तिची?" त्याला याही गोष्टीचा राग आला, की हा माणूस खरं रडतो आहे. ज्याच्यावर चिडायचं तो रडायला लागला की सगळा राग आपल्यालाच घरी घेऊन जावा लागतो.

"ऐक," तो म्हणाला. "तू म्हणतोस तो येईल. चल, मी नाही म्हणत नाही. कर्णा वाजवत येईल, ढगांतून येईल, तुझ्या कापडावर आहे तसा येईल, नाहीतर पाळक म्हणतात तसा एकदाच येईल. तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण एवढ्या लांबून येणार आहे ना तो? एवढी वर्षं लावून येणार आहे ना? मग चार पावलं वळसा घालून तिच्या पुढून येईल. त्याला काय होतंय? ती दिवसरात्र पडून होती तेव्हा मी पलंगाला वळसा घालून जायचो, मला काही कमीपणा नाही आला. आणि तेवढं त्याच्याच्याने होणार नसेल, तर मला त्याच्याशी काही बोलायचं नाही."

पाळकांनी चष्मा काढून पुसला.  मेहुणा बहिणीच्या मातीकडे बघत राहिला, मग त्याने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं, लहान मूल पुसतं तसं.  मग मुलगी पुढे आली. तिने चौघांतल्या एकाच्या हातून दोराचं टोक घेतलं आणि कोपर ते अंगठा असा गुंडाळायला सुरुवात केली, घरी वाळत घालायची दोरी गुंडाळतात तसा. "मामा," ती म्हणाली, "दगड तेवढा लावून घेऊया. आहे त्याच बाजूला." मेहुण्याने तिच्याकडे बघितलं. "नक्की?" "नक्की नाही," ती म्हणाली. "पण लावून घेऊया."

दगड बसवायला तसा वेळ लागला नाही. खोदणाऱ्याने माती ठोकली, चौघांनी दगड उभा धरला, पाळकांनी छोटी प्रार्थना केली, तिच्यात कुठल्या दिवसाचा, कुठल्या दिशेचा उल्लेख नव्हता. त्याने डोळे मिटले नाहीत. सगळे निघाले तेव्हा मेहुणा त्याच्या खांद्याला हात लावायला आला, मग हात मागे घेऊन तसाच गेला. फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगी परत आली.

"बाबा, चला."

"तू हो पुढे. माझा राग अजून गेलेला नाही."

 ती चपला काढून त्याच्या शेजारी मातीवर बसली.